रोज सकाळी २००२ मध्ये उठणारा कॉम्प्युटर

मामांच्या प्रेसमधला कॉम्प्युटर रोज सकाळी १ जानेवारी २००२ ला उठतो.

म्हणजे होतं असं की मामा रात्री शटर ओढायच्या आधी मेन स्विच बंद करतात (आजोबांची शिस्त, कागदाचं काम आहे, आग लागायला वेळ लागत नाही), आणि कॉम्प्युटरच्या आतलं घड्याळ चालवणारा तो बटणाएवढा सेल कधीच मेलाय, त्यामुळे करंट गेला की त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. सकाळी काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या इंग्रजीत तक्रार येते, पुढे जायचं असेल तर एफ१ दाबा, आणि मामा एका हातानं उदबत्ती ओवाळत दुसऱ्या हातानं एफ१ दाबतात. मग विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी, निळं आभाळ. मग पेजमेकर, म्हणजे छपाईची पानं लावायचं सॉफ्टवेअर. दिवस सुरू.

प्रेस तासगावात, बाजारपेठेच्या मागच्या बोळात. एक मिनी ऑफसेट, एक आजोबांच्या वेळचं ट्रेडल मशीन जे आता फक्त पावत्यांवर नंबर मारायला आणि परफोरेशनला वापरतात, एक कटिंग मशीन, आणि कोपऱ्यात प्लायवूडच्या केबिनमध्ये हा पेंटियम फोर. २००३ मध्ये सांगलीहून असेंबल करून आणलेला, २५६ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क. लायसनचं विचारू नका, त्या काळात तासगावात कुणी विचारत नव्हतं. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं एक पॅकेज, एवढ्यावर गेली वीसेक वर्षं लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बेदाण्याच्या बॉक्सवरची लेबलं, गणपतीच्या रथोत्सवाची हँडबिलं आणि दहाव्याची कार्डं निघतायत. बटर पेपरवर प्रिंट काढायची, प्लेट मारायची, मशीनवर चढवायची. कुठेही काहीही अडत नाही.

आणि मी, त्यांची सख्खी भाची, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे, आणि माझ्या कामाचा एक भाग असा की दर दोन-तीन वर्षांनी कुठल्यातरी जुन्या विंडोजला आमच्या प्रॉडक्टमधून हाकलून द्यायचं. मामांना हे मी बरीच वर्षं सांगितलंच नव्हतं.

आमचं प्रॉडक्ट म्हणजे दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर. विंडोज ७ काढायचं ठरलं तेव्हा जुन्या मशीनवर जो मेसेज दिसणार होता त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण टीममध्ये मराठी शुद्धलेखन येणारी मी एकटी (म्हणजे बाकीच्यांना असं वाटतं). इंग्रजी वाक्य एवढंसं होतं. मी लिहिलं, ‘आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठीचे समर्थन थांबवण्यात आले आहे.’ मोठ्यानं वाचून बघितलं तर वाटलं कुठल्यातरी अपक्ष आमदारानं सरकारचं समर्थन काढलंय आणि आता बहुमत चाचणी होणार. ‘पाठिंबा काढून घेत आहोत’ तर त्याहून वाईट. ‘आधार’ म्हणावं तर लोक कार्ड शोधायला लागतील. शेवटी सरळ लिहिलं, ‘या विंडोजवर हे सॉफ्टवेअर यापुढे अपडेट होणार नाही.’ मॅनेजरनं पुढे अजून एक ओळ जोडायला लावली, ‘कृपया सिस्टीम अपग्रेड करा.’ त्या ‘कृपया’वर मी बराच वेळ अडकून बसले होते, कारण डोळ्यासमोर ती प्लायवूडची केबिन होती. कृपया करा म्हणजे काय करा नेमकं? आणि कशानं?

आता कंपनीची बाजूही सांगते, कारण ती खोटी नाहीये आणि रोजचा पगार मी त्याच बाजूला बसून घेते. लोकांना वाटतं कंपन्या मुद्दाम जुनं बंद पाडतात, नवीन विकायला. थोडं खरंही असेल. पण आतून बघितलं तर बऱ्याचदा आपण ठरवतच नाही, आपल्या खालचा मजला दुसरंच कोणीतरी काढून घेतं. आमचं सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर बांधलेलं आहे, इलेक्ट्रॉनच्या पोटात क्रोमियम म्हणजे क्रोम ब्राउझरचंच इंजिन. क्रोमनं ठरवलं की १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली ती विंडोज १० च्या खाली चालेचना. त्यामुळे इलेक्ट्रॉन २२ शेवटचं, २३ पासून विंडोज ७ बंद. त्यामुळे आम्ही बंद. गेम खेळणाऱ्यांचं स्टीमसुद्धा १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ वरून गेलं ते ह्याच कारणानं, त्याच्याही आत क्रोमच. प्रोग्राम लिहायची भाषा पायथॉन घ्या, विंडोज ७ वर ३.८ पर्यंतच. गो ही तसलीच भाषा घ्या, १.२० पर्यंतच. आणि मुळात मायक्रोसॉफ्टनंच विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला सोडलेलं, मग वरच्यांनी किती दिवस धरून ठेवायचं.

बरं, जुन्यावरच थांबू, इलेक्ट्रॉन २२ च वापरत राहू, असं म्हणता येतं. म्हणून बघितलं आम्ही काही महिने. मग त्या इंजिनात एखादं भोक सापडतं, नवीन आवृत्तीत ते बुजवलेलं असतं, आमच्यात उघडं. म्हणजे विंडोज ७ वाल्या मूठभर लोकांसाठी विंडोज १० आणि ११ वाल्या सगळ्या दुकानदारांची बिलं उघड्यावर. हे कुठल्याही मीटिंगमध्ये टिकत नाही आणि टिकूही नये. वर टेस्टिंगचा वैताग वेगळाच. प्रत्येक जुनं विंडोज म्हणजे माझ्या एक्सेलमध्ये एक अख्खा उभा कॉलम, त्या कॉलममधली प्रत्येक चौकट म्हणजे कुणीतरी, म्हणजे मी, व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर) चालू करून बसणार, बिल काढणार, प्रिंट देणार, बघणार. रिलीजच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता विंडोज ७ वर फक्त प्रिंटचा प्रीव्ह्यू पांढरा दिसतोय हे कळल्यावर माणूस मामांना विसरतो, खरं सांगते.

पण मामांचा एक्सपी मुळात नेटवर होता. हे आता खोटं वाटेल. ते ब्रॉडबँडचं युग होतं, टेलिफोनच्या वायरीतून यायचं, आणि मामा त्यावर मेल बघायचे, कारण पुण्या-मुंबईतली गिऱ्हाइकं मजकूर मेलवर पाठवायला लागली होती. एक दिवस फोन आला, ‘अगं, मेल उघडंना, काय तरी कनेक्शन खाजगी न्हाई म्हणतंय, मी कुणाला सांगितलंय काय?’ मी फोनवरच हसले, आणि मग वाईट वाटलं, कारण त्यांना खरंच वाटलं होतं की आपल्याकडून काहीतरी चूक झाली. झालं एवढंच होतं की सेल मेलेला. कॉम्प्युटरच्या मते आज १ जानेवारी २००२. वेबसाइटकडे जे सुरक्षेचं सर्टिफिकेट असतं त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं, आणि २००२ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला २०१३ चं सर्टिफिकेट म्हणजे अजून जन्मालाच न आलेलं. तो बिचारा बरोबरच सांगत होता. मी त्यांना कोपऱ्यातल्या घड्याळावर डबल क्लिक करून तारीख बदलायला शिकवलं. मग पुढची दोनेक वर्षं मामा दिवसाचं काम उरकल्यावर तारीख बदलून मेल बघायचे, दुसऱ्या दिवशी परत एफ१ आणि परत २००२.

पुढे तारीख बदलूनही भागेना. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबवले, साडेबारा वर्षं झाली होती त्याला, ही काही कमी नाहीत. मग एप्रिल २०१६ मध्ये क्रोमनं सोडलं, फायरफॉक्स ५२ वर थांबलं, अँटिव्हायरसचा तो छोटा चौकोन लाल झाला आणि लालच राहिला. कॉम्प्युटरमध्ये काहीही बिघडलं नव्हतं. तेच की-बोर्डवरचे पुसलेले न आणि त, तोच पंख्याचा आवाज, सगळं जागेवर. फक्त एकेक वेबसाइट उठून जात होती. गावात म्हातारी माणसं असतात ना, तब्येत ठणठणीत, पण बरोबरीचे सगळे गेलेले, पारावर जाऊन बसलं तरी बोलायला कोणी नाही, तसं काहीतरी.

मग १२ मे २०१७ आलं, वॉनाक्रायचं, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं. शुक्रवार होता. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचे कॉम्प्युटर बंद पडले, ऑपरेशनं पुढे ढकलली, आपल्याकडे आंध्रातल्या पोलिसांच्या काही मशीन गेल्या, टीव्हीवर दिवसभर लाल स्क्रीन आणि त्यावर उलटं पळणारं घड्याळ. मी ऑफिसमधूनच मामांना फोन केला की नेटची वायर काढा, आत्ताच्या आत्ता, मशीन बंद करू नका की चालू करू नका, फक्त मागची वायर काढा. मामा म्हणाले, ‘कुठली? मागं लई वायरी हायत.’ शेवटी त्यांनी टेलिफोनच काढून ठेवला भिंतीवरून, मुळापासून.

गंमत अशी की त्या वेळी सगळीकडे ‘एक्सपीमुळे झालं’ असं बोललं जात होतं आणि मीही तेच धरून चालले होते, पण नंतर आकडे आले तेव्हा कळलं की सापडले ते जवळजवळ सगळे विंडोज ७ वाले. एक्सपीवर तो व्हायरस धड चालतही नव्हता, बऱ्याचदा मशीन निळी होऊन कोसळायची, फाइली राहायच्या तशाच. आणि विंडोज ७ तर तेव्हा सपोर्टमध्ये होतं! ते भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिला होता, जवळजवळ दोन महिने आधी. फुकट. लोकांनी ‘नंतर आठवण करा’वर क्लिक करून ठेवलेलं. माझ्या बाबांनीसुद्धा, मी विचारलं तर म्हणे तो सारखा रिस्टार्ट मागतो, मला पेपर वाचायचा असतो. मायक्रोसॉफ्टनं तर त्या शनिवारी तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही तो अपडेट काढून दिला. मी तो पेन ड्राइव्हवर घेऊन तासगावला गेले आणि टाकला. एवढ्या वर्षांत मामांच्या मशीनवर पडलेला शेवटचा अपडेट तो.

आणि मामा एकटे मागे राहिलेत असं कोणी समजू नये. रिझर्व्ह बँकेनं जून २०१८ मध्ये सगळ्या बँकांना पत्र काढून तारखा बांधून दिल्या की तुमच्या एटीएममधलं एक्सपी आणि तसलंच बाकीचं काढा, सप्टेंबरपर्यंत एक चतुर्थांश मशीन, डिसेंबरपर्यंत निम्म्या, असं करत जून २०१९ पर्यंत सगळ्या. म्हणजे एक्सपी सोडल्यावर चार वर्षांनीसुद्धा ज्यातून आपण पैसे काढत होतो त्या काचेमागे तीच हिरवी टेकडी होती. बँकांकडे पैसा असतो, माणसं असतात, अख्खा आयटी विभाग असतो. त्यांना पाच वर्षं लागली आणि आम्ही दुकानदाराला ‘कृपया’ म्हणून एका ओळीत उरकलं.

२०१९ मध्ये मी ठरवलंच की मामांना बाहेर काढायचं. दिवाळीच्या बोनसमधून विंडोज १० वाला एक कॉम्प्युटर घेऊन दिला, मामी कुंकू लावायला आल्या तर त्यांना कळेना लावायचं कुठं, एवढासा डबा. जीएसटी आल्यापासून मामा तसेही त्या कामासाठी दुसऱ्याच्या दुकानात जाऊन बसायचे, त्यामुळे खूश होते. जीएसटी, व्हॉट्सअॅप, मेल सगळं त्यावर चालू झालं. मी म्हटलं आता पेजमेकर पण इकडे आणूया आणि त्याला निवृत्त करूया. दोन दिवसांची सुट्टी काढून गेले होते.

तिथं मी अडकले ते फॉन्टवर.

ज्यांनी युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कॉम्प्युटरमध्ये ठरलेली जागा देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचं मराठी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, केलेलं नाही त्यांना हे सांगावं लागेल. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम ह्या सगळ्यांनी आपापल्या काळात मराठीला कॉम्प्युटरवर आणलं, त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत, सगळे पेपर, सगळी पुस्तकं त्यावर निघाली. पण तेव्हा मराठी अक्षरांना कॉम्प्युटरमध्ये स्वतःची जागा नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी भाडेकरू घुसवले. एका घरात अर्धा श, दुसऱ्या घरात काना, दोन्ही शेजारी ठेवले की डोळ्याला श दिसतो. कॉम्प्युटरला मात्र तो श आहे हे शेवटपर्यंत कळत नाही, त्याच्या लेखी ती दोन इंग्रजी चिन्हंच. आणि प्रत्येक कंपनीची भाडेकरूंची यादी वेगळी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या १२८ खोल्या आहेत, पण पेजमेकरला युनिकोड कधी आलंच नाही, त्याची ७.० ही आवृत्ती २००१ ची आणि तीच शेवटची, अडोबीनं पुढे सगळा जीव इनडिझाइनमध्ये ओतला.

तर नव्या मशीनवर पेजमेकर मी कसंबसं बसवलं. फाइल उघडली. शुभविवाहाच्या जागी कंस, टिल्डा, डॉलर आणि कॅपिटल अक्षरांची भेळ. फॉन्ट हवेत. फॉन्टच्या पॅकेजला लॉक, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जाड पोर्टमध्ये लावायचा एक डबा, तो असेल तरच टायपिंग चालू होतं. नव्या कॉम्प्युटरला तसलं पोर्टच नाही. ऑनलाइन यूएसबीचा कन्व्हर्टर मागवला, तो आल्यावर कळलं की हे कन्व्हर्टर फक्त प्रिंटरशी बोलतात, लॉकशी नाही. आणि बोलला असता तरी त्या लॉकचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर बसत नव्हता. फॉन्टवाल्या कंपनीला फोन केला (नाव घेत नाही, माणूस बोलायला चांगला होता), तो म्हणाला मॅडम हे व्हर्जन आम्ही केव्हाच बंद केलं, नवीन घ्या. मी फोन धरून गप्प उभी. पुढे मी लिहिणार होते तेच वाक्य होतं ते, फक्त ‘कृपया’ नव्हतं.

मग कन्व्हर्जनचा घाट घातला. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे प्रोग्राम मिळतात, नव्वद-पंच्याण्णव टक्के बरोबर नेतात असं वाटतं, आणि मग उरलेल्या पाचात सगळा घात असतो. पहिली वेलांटी. जुन्या पद्धतीत ती आधी टाइप होते, जशी दिसते तशी, युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर साठवतात, मध्ये जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गडबडतो आणि वेलांटी भलत्याच्याच डोक्यावर. रफार एक घर पुढेमागे. आणि आपला तो अर्धा ऱ्, जो हिंदीवाल्यांना लागत नाही म्हणून बऱ्याच कन्व्हर्टरच्या गावीच नसतो. ‘समस्त वऱ्हाडी मंडळी’चं झालं ‘समस्त वर्हाडी मंडळी’. मी म्हटलं मामा, एवढं हातानं दुरुस्त करता येईल. मामांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, ‘ह्या कपाटात किती फाइली हायत ठावं हाय का? थोरल्याच्या लग्नाची पत्रिका मी केली, आता धाकट्याच्या लग्नाला तीच फाइल उघडतो, नाव-गाव बदलतो. त्यातलं एक अक्षर चुकलं तर पाचशे पत्रिका परत छापायच्या, कागद माझा.’

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे आहे, पण ते उत्तर चार महिने कोणीतरी बसून एकेक फाइल तपासण्याचं आहे, आणि तो कोणीतरी म्हणजे मामाच, सीझन सोडून. तुळशीचं लग्न झालं की त्यांना जेवायला वेळ नसतो.

तेव्हापासून दोन्ही कॉम्प्युटर शेजारी शेजारी. जुन्यावर पत्रिका लागते, तिथूनच पीडीएफ करायची, पेन ड्राइव्हवर नव्याकडे, तिथून व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाइकाला. पीडीएफमध्ये फॉन्ट पोटात घेतलेला असतो त्यामुळे अमेरिकेतल्या नवरदेवाच्या फोनवरही वेलांटी जागेवर राहते. पेन ड्राइव्ह जुना ४ जीबीचा, जपून ठेवलेला, कारण ६४ वाला एक घेतला होता तो एक्सपीला दिसलाच नाही. मध्ये एकदा कुणा गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून तो शॉर्टकटवाला व्हायरस आला, सगळ्या फोल्डरांचे बाण झाले, मामांचा चेहरा पडलेला, मी फोनवरून त्यांना एकेक कमांड टाइप करायला लावून लपलेले फोल्डर बाहेर काढले. त्या दिवसापासून नियम, बाहेरचा पेन ड्राइव्ह केबिनमध्ये नाही. बोर्ड छापून लावलाय, अर्थात पेजमेकरमध्ये.

आणि १९ जुलै २०२४ ला, एका सुरक्षेच्या सॉफ्टवेअरच्या चुकीच्या अपडेटनं जगातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले, विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहून दिले, तेव्हा मामांचा फोन आला. तुमच्याकडे काय झालं का, म्हणून. आणि मग, मी वाटच बघत होते, ‘आमचा चालू हाय बरं का.’

आता आमच्या घरी. बाबांचा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय३. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, टीपीएम २.० नावाची चिप लागते. बाबांचा त्या रांगेत उभाही राहू शकत नाही. आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, दिवाळीच्या तोंडावर. बाबांना महिनाभर आधीपासून पूर्ण स्क्रीनवर सूचना येत होती आणि ते ती वीजबिलाच्या मेसेजसारखी बाजूला सारत होते. मग विचारलं, ‘म्हणजे १५ तारखेला हा चालू होणार नाही का?’ होईल बाबा. ‘मग संपलं म्हणजे काय संपलं?’ मी बारा वर्षं ह्याच धंद्यात आहे आणि दोन वाक्यात सांगता आलं नाही. शेवटी म्हटलं, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री एक माणूस येऊन तुमच्या दारं-खिडक्यांच्या कड्या तपासून जायचा, तो आता येणार नाही. बाबा म्हणाले, ‘मग आपण तपासू.’ ऑफिसमधला एक मुलगा म्हणतो विंडोज काढून त्याजागी फुकटातलं लिनक्स टाका. त्याच्या वडिलांच्या लॅपटॉपवर टाकलंय का विचारलं तर हसला. मी सध्या वर्षभराची ती वाढीव मुदत घेऊन दिलीये, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सेटिंग सेव्ह केली की फुकट मिळते. पुढचं पुढे बघू. लॅपटॉप मात्र अजून झकास चालतो, त्याची बिजागरीसुद्धा शाबूत आहे, आणि तो भंगारात द्यायचा विचार आला की मला चोरी केल्यासारखं होतं.

विंडोज ७ च्या वेळी मीटिंगमध्ये मी एक गोष्ट मागितली होती. म्हटलं, काढा, पण जुन्या मशीनवर चालणारी शेवटची आवृत्ती डाउनलोडला तशीच ठेवा, आणि त्या शेवटच्या आवृत्तीत सगळी बिलं, सगळी गिऱ्हाइकं साध्या एक्सेलमध्ये बाहेर काढायचं बटण द्या, लायसन संपलेलं असलं तरी चालेल असं. मॅनेजर म्हणाला ह्याला बिझनेस केस काय? मी म्हटलं माझे मामा. सगळे हसले. बटण मिळालं. डाउनलोड सहा महिन्यांनी काढून टाकलं, मला कळलंही नाही, एका दुकानदाराच्या शिव्या घातलेल्या मेलमधून कळलं. बटण अजून आहे. मेसेजातलं ‘कृपया सिस्टीम अपग्रेड करा’ बदलून ‘आपला डेटा बाहेर काढण्यासाठी येथे क्लिक करा’ असं करून घेतलं, त्याला मात्र कुणी हरकत घेतली नाही, कारण मराठी कुणी वाचतच नाही.

२०२५ च्या भाऊबीजेला आईबरोबर तासगावला गेले. जाताना वाटेत घड्याळाच्या दुकानातून तो सेल घेतला, सीआर २०३२, तीस रुपये. इतकी वर्षं डोक्यातच आलं नव्हतं, मोठं काहीतरी करायच्या नादात. सकाळी ओवाळणी चालू असताना मी केबिनमध्ये जाऊन डबा उघडला, आतली वीतभर धूळ फुंकली, सेल बदलला, तारीख लावली. २३ ऑक्टोबर २०२५. मेन स्विच बंद करून परत लावला. एफ१ नाही, तक्रार नाही, सरळ हिरवी टेकडी. उजव्या कोपऱ्यात बरोबर वेळ. मला एखाद्या डॉक्टरला वाटत असेल तसं वाटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर मामांची हाक, ‘काय केलंस गं ह्याला?’

सकाळी एक अर्जंट पत्रिका लावली होती, ती सापडत नव्हती. मी बघितलं, फाइल होती की समोर, यादीत, तारखेसकट. मामा म्हणाले तसं नाही. मग त्यांनी दाखवलं. सेल मेला २०१२ च्या सुमाराला. त्याआधीच्या फाइलींवर २००३ ते २०१२ च्या खऱ्या तारखा. त्यानंतरच्या सगळ्या, एकजात सगळ्या, १ जानेवारी २००२, कारण रोज तीच तारीख. फोल्डर तारखेनं लावला की नव्या फाइली एका गठ्ठ्यात एका टोकाला, जुन्या दुसऱ्या टोकाला. ‘दोन हजार दोन म्हंजे नव्या, बाकीच्या जुन्या. तेरा वर्षं असंच चाललंय. आता ही तुझी पंचवीस सालची जाऊन बसली जुन्यांच्या डोक्यावर. उद्या पोरगं कामाला येईल त्याला मी काय सांगू?’

मी तिथल्या तिथं तीन उपाय सुचवले. वेगळे फोल्डर करू. नावात वर्ष टाकू. मी एक छोटा प्रोग्राम लिहून सगळ्या तारखा सरळ करून देते. मामा ऐकत होते, मान हलवत होते, आणि सुपारी कातरत होते.

मग मी मेन स्विच बंद केला, स्क्रू काढले, सेल काढला. मामांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि मामींना हाक मारली की तुझ्या त्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला हाच लागतो का गं. लागत होता.

स्विच लावला. काळी स्क्रीन आली, पांढऱ्या अक्षरात तक्रार आली, आणि मामांनी माझ्या खांद्यावरून हात घालून एफ१ दाबलं.